किल्ल्याचे दप्तर आणि कोळीवाड्याची आठवण

१/ वसई किल्ल्याचा इतिहास कागदोपत्री भक्कम आहे. १५३४ चा तह, १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम यांचे कागद लिस्बनला आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. त्याच किल्ल्याजवळच्या पाचूबंदर कोळीवाड्याचे दप्तर मात्र म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे.

२/ इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, घराघरांतले कागद त्यांनी मिळवले. पण ज्या घरांत कागदच नव्हते, त्यांनी काय करावे? त्यांनी घरातच विचारावे.

३/ ‘जुन्या गोष्टी सांग’ म्हटले की आजी हसून विषय टाळते. ‘शिडाच्या होडीवर इंजिन बसलं तेव्हा तुझं लग्न झालं होतं का? सुके बोंबील कुठल्या बाजारात न्यायचीस?’ असे विचारले की सन आठवत नसला तरी काळ ठरतो. तो चर्चमधील बाप्तिस्मा-विवाहांच्या नोंदींशी ताडून पाहावा.

४/ स्मृती चुकते, हा आक्षेप खरा आहे. पण बखरीही चुकतात. म्हणून अभ्यासक त्या टाकून देत नाहीत, तपासून वापरतात. शिवाय बखर पुढच्या वर्षीही वाचता येईल. आजीला मात्र याच सुट्टीत विचारायला हवे.