फोटो कातरावा, पण मूळ राखून



यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाभुळगाव घ्या, नाहीतर त्याच्या आसपासचे कोणतेही खेडे घ्या. मोबाइलचा फोटो आता चैनीचा राहिलेला नाही. पऱ्हाटीवर कीड दिसली की फोटो. मुलाचा नोकरीचा अर्ज भरायचा की फोटो. घरातले वडीलधारे माणूस गेले की तेरवीला तसबीर हवी म्हणून फोटो. या तिन्ही वेळी मोठ्या फोटोतला नेमका भाग काढून घ्यावा लागतो. मोबाइलवर याला ‘क्रॉप’ म्हणतात. इंग्रजीत शेतातल्या पिकालाही क्रॉपच म्हणतात. तेव्हा गल्लत नको म्हणून आपण येथे ‘कातरणे’ असे म्हणू.

कातरला की फोटो खराब होतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. हे अर्धेच खरे आहे. फोटो कातरीने बिघडत नाही, तो नंतर ताणल्याने आणि पुन्हा पुन्हा दाबल्याने बिघडतो. कसे ते पाहू.

ठिपक्यांचा हिशेब

वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला तर बारीक ठिपके दिसतात. मोबाइलचा फोटोही रंगीत ठिपक्यांचाच असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे 4000 आणि उभे 3000, म्हणजे एकूण 1 कोटी 20 लाख ठिपके असतात. रुंदी निम्मी व उंची निम्मी ठेवून मधला भाग कातरला तर 30 लाख उरतात. उरलेले ठिपके मात्र पहिल्यासारखेच असतात. चार एकरांतून एक एकर वेगळे काढले म्हणून त्याची माती बदलत नाही. पण त्या एका एकराकडून चार एकरांचे पीक मागितले तर कसे मिळणार? कातरलेला लहान तुकडा ताणून मोठा केला म्हणजे नेमके हेच होते.

कागदावर स्वच्छ छपाईसाठी इंचाला 300 ठिपके धरतात. त्या हिशेबाने 35 बाय 45 मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोला सुमारे 413 बाय 531 ठिपके पुरतात. 4 बाय 6 इंचाच्या फोटोला 1200 बाय 1800 लागतात. 8 बाय 10 इंचाच्या तसबिरीला 2400 बाय 3000 हवेत. भिंतीवर दुरून पाहायची असल्याने 1200 बाय 1500 वरही निभते.

आता लग्नाच्या घोळक्यातला फोटो आठवा. चाळीस माणसांत आजोबांचा चेहरा जेमतेम दीडशे ठिपके रुंद भरतो. तो कातरून तसबीर करायला गेले की डोळे, मिशा, सुरकुत्या सगळे पुसट होते. चेहरा स्पष्ट करून देणारी नवी ॲप आली आहेत खरी. पण नसलेले ठिपके ती अंदाजाने भरतात. फोटो चकचकीत होतो, पण माणूस वेगळाच दिसू लागतो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचा एकेकट्याचा फोटो, जवळून आणि चांगल्या उजेडात, आजच काढून ठेवा. त्यात अशुभ काही नाही. माणूस गेल्यावर घोळक्यातून चेहरा शोधण्याचे दुःख त्याने टळते.

किडीचा फोटो : आधी कातरा, मग पाठवा

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, हे आपण विसरू शकत नाही. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही कापसाचे फार नुकसान केले. कीड ओळखल्याशिवाय औषध घेऊ नये, हा त्यातला धडा आहे. कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना फोटो दाखवायचा, तर त्यात अळी दिसली पाहिजे.

मोबाइल अगदी बोंडाला टेकवला तर फोटो धूसर येतो. तो एक वीत दूर धरा. पाकळ्या मिटलेली डोमकळी किंवा बोंड उकलून सावलीत ठेवा, शेजारी आगपेटीची काडी ठेवा, म्हणजे अळीच्या आकाराचा अंदाज येतो. समजा, फोटोत 25 सेंटिमीटर रुंदीची जागा आली आणि ती 4000 ठिपक्यांत टिपली गेली. तर 1 सेंटिमीटरची अळी 160 ठिपक्यांची झाली. हा अख्खा फोटो व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठवला की तो लहान होतो. तो 1600 ठिपके रुंद झाला असे धरले, तर अळीच्या वाट्याला 64 ठिपकेच उरतात. तेच आधी अळीभोवतीचा 1600 ठिपके रुंदीचा तुकडा कातरून पाठवला, तर 160 ठिपके तसेच पोचतात. फरक एवढा मोठा आहे.

याहून चांगले म्हणजे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते. 2023 पासून व्हॉट्सॲपवर ‘एचडी’ची सोयही आहे. कातरलेल्या फोटोसोबत पूर्ण झाडाचा एक आणि वावराचा एक, असे दोन फोटो न कातरता द्यावेत. नुसत्या अळीवरून तज्ज्ञाला प्रादुर्भाव किती ते कळत नाही.

अर्जाचा फोटो

आयबीपीएस या संस्थेच्या बँक भरतीच्या अर्जांत 200 बाय 230 ठिपके आणि 20 ते 50 केबी असा फोटो मागितलेला असतो. पासपोर्ट फोटोची चौकट याहून उभट असते. ती ओढून बसवली तर चेहरा फुगतो. आधी मागितलेल्या प्रमाणात कातरा, मग ठिपके कमी करा, आणि शेवटी केबी एकदाच कमी करा. प्रत्येक अर्जाचा आकार त्याच्या जाहिरातीत वाचावा आणि दर वेळी सुरुवात मूळ फोटोपासूनच करावी. मोबाइलचे बहुतेक फोटो जेपीईजी पद्धतीने साठवलेले असतात. या पद्धतीत फोटो बदलून जतन केला की बारकाव्यांचा थोडा अंश जातो. गेल्या अर्जाचा दाबलेला फोटो पुन्हा दाबला तर चेहऱ्यावर चौकडी उमटते.

कोठे कातरू नये

नुकसानीचा पुरावा म्हणून काढलेला फोटो कातरू नये. बांध, रस्ता, विहीर, शेजारचे झाड अशा खुणा त्यात असू द्याव्यात. वेळ आणि ठिकाण यांची नोंद मूळ फाइलमध्ये असू शकते; व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठवलेल्या फोटोत ती राहत नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत फोटो ॲपमधूनच घ्यायचा असतो. तेथे कातरीचे कामच नाही.

ध्यानात ठेवण्यासारखे

1. कातरल्यावर ‘प्रत सेव्ह करा’ हेच निवडा. मूळ फोटो हे बियाणे आहे. ते दळून खाऊ नये.
2. स्क्रीनशॉट काढून कातरू नका. त्यात मूळ फोटोचे नव्हे, पडद्याचे ठिपके येतात.
3. साध्या मोबाइलमध्ये दोन बोटांनी झूम करणे म्हणजे फोटो काढण्याआधीच कातरणे होय. शक्य तेवढे जवळ जा, झूम करू नका.
4. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो. महत्त्वाचे मूळ फोटो पेनड्राइव्हवर किंवा घरातल्या दुसऱ्या मोबाइलमध्ये ठेवा.

घरात शिकणारी मुले-मुली असतील तर त्यांना हे वाचायला द्या आणि या रविवारी त्यांच्याकडून दोन कामे करून घ्या : आजी-आजोबांचा चांगला फोटो, आणि घरातल्या मूळ फोटोंची एक वेगळी प्रत.