कागद टिकला तर हिशेब टिकेल

देवळीसारख्या तालुक्याच्या गावी आता किराणा, कापड, हार्डवेअर, बी-बियाणे अशा अनेक दुकानांत गल्ल्यापाशी कॉम्प्युटर दिसतो. आमच्या व्यापारी बांधवांनी काळाची पावले ओळखली, याचा आम्हाला आनंद आहे. परंतु कॉम्प्युटर घेताना सगळे लक्ष त्याच्या वेगावर आणि किमतीवर असते. त्यात माहिती घालणारी व त्यातून बाहेर काढणारी साधने आणि ती जोडणाऱ्या वायरी यांची चौकशी फारसे कोणी करीत नाही. आमच्या मते नुकसान तेथेच होते.

पहिला प्रश्न छपाईचा. लहान थर्मल प्रिंटर स्वस्त पडतो, आवाज करीत नाही, शाई मागत नाही. मागणार कशी? त्याच्या कागदावर रासायनिक लेप असतो आणि तो उष्णतेने काळा पडतो, इतकेच. तोच कागद वैशाखाच्या उन्हात, तेलकट हातात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात राहिला की अक्षरे उडू लागतात. आपल्या भागात पेरणीची उधारी कापूस निघाल्यावर फिटते. तेव्हा पावती काढावी तर कागद कोरा! मग शब्दाने शब्द वाढतो आणि बापजाद्यांपासूनचे गिऱ्हाईक तुटते.

उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, तो मुदतीसह लिहून ठेवण्यास कंटाळू नये, अशी ताकीद सूरह बकराच्या 282व्या आयतीत आहे. सहा महिन्यांत उडणाऱ्या अक्षरांना लिहिणे कसे म्हणावे? जीएसटीचा कायदाही वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपायला सांगतो. तेव्हा रोखीच्या बिलाला थर्मल चालेल, उधारीला डॉट मॅट्रिक्स घ्यावा. त्याच्या सुया फितीवर आपटतात, म्हणून कार्बनची प्रत त्याच वेळी उमटते. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक आपल्याला. लेझर आणि इंकजेट कागदावर आपटत नाहीत, त्यामुळे त्यांत कार्बन प्रत निघत नाही.

दुसरा प्रश्न जोडणीचा. जुने डॉट मॅट्रिक्स 25 पिनांच्या पॅरलल पोर्टला लागतात, अनेक इलेक्ट्रॉनिक काटे 9 पिनांच्या सिरियल पोर्टला. नव्या कॉम्प्युटरवर बहुधा 1996 साली आलेले यूएसबीच असते. चांगला चालणारा प्रिंटर निव्वळ वायर बसत नाही म्हणून भंगारात जाऊ नये. जोडणारी वायर मिळते, पण ती आपल्या यंत्राला चालते का, हे पैसे देण्यापूर्वी लावून पाहावे. बारकोड वाचणाऱ्या यंत्राची मात्र धास्ती नको. कॉम्प्युटरच्या लेखी ते बहुधा कीबोर्डच असते. आकडे बोटांऐवजी ते टाइप करते.

तिसरी गोष्ट भाषेची. 1991 साली भारतीय मानक ब्युरोने मान्य केलेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात. विंडोजमध्ये तो फुकट मिळतो. घरातल्या मुलामुलींनी रोज सराव केला तर बिल मराठीत निघेल आणि बाहेरच्या ऑपरेटरवर विसंबावे लागणार नाही. गिऱ्हाईक जे वाचू शकते त्यावर त्याचा भरवसा बसतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की खरेदीला जाताना आपले एक जुने उधारीचे बिल सोबत न्यावे आणि तसेच मराठी बिल, कार्बन प्रतीसह, समोर छापून मागावे. ते निघाले तरच थैली सोडावी. व्यापार ही अमानत आहे. तिचा कागद कोरा पडता कामा नये.