गुलमोहराचा गुन्हा काय?

दरवर्षी १ मे रोजी साताऱ्यात गुलमोहर दिन साजरा होतो. फुललेल्या झाडांखाली चित्रकार रंग मांडून बसतात, कवी कविता म्हणतात. महाराष्ट्र दिनीच हा मान मिळवणारे झाड मात्र मराठी नाही, भारतीयही नाही. ते मूळचे मादागास्करचे. अलीकडे वृक्षप्रेमी तरुणांकडून ऐकू येते, 'परदेशी झाडे तोडा, देशी लावा.' त्यांची तळमळ खरी आहे. पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे.

एखादी जात माणसाने न आणता जिथे नांदत आली, तिथली ती स्थानिक. माणसाने दुसरीकडून आणली, ती परकी. आणि आणल्यावर जी आपल्या बळावर पसरते, इतरांची जागा बळकावते, ती आक्रमक. पहिला भेद जन्माचा आहे, दुसरा वागणुकीचा. कृष्णाकाठचे वांगे आपले. पण ते भरताना घातलेले दाण्याचे कूट आणि मिरची, दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. तासगावचे द्राक्षही बाहेरचेच. यांपैकी कोणी बांध ओलांडून रानात घुसले नाही. द्राक्षबागेकडे तर चार दिवस दुर्लक्ष झाले तरी शेतकऱ्याची झोप उडते.

गाजरगवताचे तसे नाही. १९५५ मध्ये पुण्यात त्याची नोंद झाली आणि काही दशकांत त्याने देश व्यापला. एकेका झुडपाला हजारो बिया. माणसाच्या अंगाला खाज, आणि जनावर सहसा तोंड लावत नाही. पण हेच गवत आवरण्यासाठी १९८४ मध्ये बंगळूरला जो भुंगेरा सोडला, तोही मेक्सिकोहून आणलेला परकाच! तेव्हा नुसते मूळ गाव विचारून निवाडा होत नाही. नदीतली जलपर्णी दक्षिण अमेरिकेची खरी, पण ती पोसते आपण सोडलेल्या सांडपाण्यावर. तिला दोष देताना आपला वाटा विसरून चालणार नाही.

माझाही वाटा आहे. ऐंशीच्या दशकात माण-खटाव भागात बँकेच्या नोकरीत असताना सुबाभूळ लागवडीच्या कर्जप्रकरणांवर मी सह्या केल्या. अर्जात जमिनीपुढे 'पडीक' असे लिहिलेले असे. त्या पडीक माळावर धनगरांची मेंढरे चरत, लांडगे फिरत, धाविक पक्षी उघड्यावर अंडी घालीत. यांपैकी कशालाही छापील अर्जात रकाना नव्हता. सुबाभूळही अमेरिकेकडचीच. तिने पाला दिला, सरपण दिले; आणि शेंगा उकलल्या तसे बी नको तिथेही रुजले. कर्जे फिटली, खाती बंद झाली. सुबाभूळ मात्र अजून पसरतेच आहे.

मग तिच्या जागी वड-पिंपळ लावले की प्रायश्चित्त झाले का? नाही. गवताळ माळाला वडांची दाट लागवडही उपरीच. कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर आहे. तिथे वायतुरा फुलतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे आणि सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांपलीकडे तो जगात कुठे नाही. २०१२ मध्ये कास जागतिक वारसा यादीत गेले. त्याचे वैभव मोकळेपणात आहे. उद्या कोणी पुण्यकर्म म्हणून तिथे जांभळाची झाडे वाढवली, तर देशी झाडांच्याच सावलीत देशी फुले मरतील.

पावसाळा आला की आपल्याकडे खड्डे मोजण्याची अहमहमिका लागते. २०१९ मध्ये तर राज्याने ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. आकडा मोठा असला की काम मोठे वाटते, हा मोह मला बँकेतल्या दिवसांपासून परिचित आहे. म्हणून खड्डा घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हे झाड कुठले, ते वागते कसे, आणि या जागी आधीपासून कोण राहते? तिसऱ्याचे उत्तर कागदावर सापडणार नाही. त्यासाठी तिथल्या मेंढपाळाला विचारावे लागेल.

गुलमोहराला रस्त्याकडेला खुशाल फुलू द्यावे. माळाला मात्र माळच राहू द्यावे.