होडीतली पहिली दोन मिनिटे

चवथ झाली, पावसाचा जोर ओसरला, की आपल्या गोव्यातल्या नदीकाठच्या घरांत एक वेगळीच लगबग सुरू होते. चार महिने झाकून ठेवलेल्या होड्या बाहेर निघतात, इंजिनाला तेलपाणी होते आणि रविवारी गरी घेऊन खाडीत जायचे बेत शिजू लागतात. मासेमारीवर ज्यांचे पोट आहे त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांना मी काय शिकवणार? लिहितो आहे ते तुमच्याआमच्यासारख्या हौशी मंडळींसाठी, ज्यांच्याकडे पंधरा-सोळा फुटी फायबरची होडी असते, मागे एक लहान ओबीएम असते आणि आत बायकामुले बसलेली असतात.

मागच्या लेखानंतर दोघातिघांनी कळवले, "होडीत अडीअडचणीला काय काय सामान ठेवावे त्याची यादी द्या." यादी देणे सोपे आहे. जाकिटे, दोर, नांगर, टॉर्च, शिट्टी, पाणी उपसायचा डबा, वल्ही, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी. झाली यादी. पण ही यादी हातात घेऊन दुकानात गेलेला माणूस सगळे आणतो, फळीखालच्या कप्प्यात नीट रचून ठेवतो आणि निर्धास्त होतो. मला काळजी वाटते ती या निर्धास्तपणाची.

मी २६ वर्षे खनिजाच्या बार्जवर इंजिनखोलीत काढली. बार्जमध्ये कुठून पाणी शिरले तर पंप चालू करायला, इतरांना हाक मारायला, काठाकडे वळवायला बहुतेक वेळा थोडी तरी सवड मिळते. लहान होडीचे तसे नाही. एकजण जाळे ओढायला एका बाजूला वाकतो, दुसरा मासा बघायला त्याच बाजूला सरकतो, तेवढ्यात शेजारून गेलेल्या मोठ्या बोटीची लाट येते आणि सगळे पाण्यात. "अरे" म्हणायलाही वेळ नसतो. तेव्हा संकटाची तयारी म्हणजे होडीत काय आहे हे नव्हे, तर होडी पालथी झाल्यावर तुमच्या अंगावर काय आहे आणि होडीला काय बांधलेले आहे, एवढेच. बाकी सगळे नदीचे.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी होडी घेतली. मुलगा हौशी, पोहण्यात पटाईत, सामानही चांगले आणले होते. मी म्हटले, एकदा आपण ही होडी मुद्दाम उलटवू या. ताई तिथेच भाजी निवडत होती. "शुभ बोल रे नाऱ्या!" म्हणून तिने हातातली जुडी खाली आपटली. नवी होडी आणि हा बुडायच्या गोष्टी करतो, हे काही तिला रुचले नाही. भाचा मात्र तयार झाला. मग एका रविवारी भरती पूर्ण भरून पाणी संथ झाले तेव्हा, इंजिन काढून ठेवून, घाटाजवळ छातीभर पाण्यात आम्ही तिघांनी ती होडी पालथी केली. चौथा दोर घेऊन काठावर उभा होता. चार जाकिटांपैकी एकही कोणी घातले नव्हते. भाचा म्हणाला, खरी परीक्षा होऊ दे. छातीभर पाणी होते म्हणूनच मी ते चालू दिले.

पुढच्या दोन मिनिटांत काय झाले ते सांगतो. कप्प्याचे झाकण उघडले, प्रथमोपचाराची पेटी तरंगत वर आली आणि आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. टॉर्च तळाशी. पाणी उपसायचा डबा कुठे गेला ते शेवटपर्यंत कळले नाही. जाकिटे अजून प्लास्टिकच्या पिशव्यांतच होती आणि ती फळीखाली अडकून बसली. भाच्याने बुडी मारून एक ओढून काढले आणि पाण्यात तरंगत घालायचा प्रयत्न केला. पट्टे गुंतलेले, जाकीट सारखे वर उसळणारे, तोंडात पाणी. शेवटी त्याने पाय टेकले. "मामा, हे होत नाही," एवढेच म्हणाला. तिथे पाय टेकायला जमीन होती.

दुसरी गोष्ट आम्हाला त्या दिवशी दिसली ती होडीच्या पाठीची. आत फोम भरलेला असल्यामुळे होडी बुडाली नाही, पालथी तरंगत राहिली. ही मोठी जमेची बाजू. पण फायबरची ओली पाठ म्हणजे साबणाची वडी. धरायला काहीच नाही. दमलेला माणूस किंवा साडीतली बाई तिथे किती वेळ टिकणार? आता भाच्याच्या होडीला दोन्ही कडांनी बाहेरून जाड दोर ओवलेला आहे, हाताला पकड मिळेल असा सैलसर. मागच्या बाजूला गाठी मारून पायाला अडकवायचा एक फासा सोडला आहे, त्यावर पाय देऊन वर येता येते. खर्च काही शेकड्यांचा.

उलटलेल्या होडीला सोडून काठाकडे पोहत निघू नये, हे जुने नाखवे सांगतात ते खरे आहे. पाण्यातून काठ नेहमी जवळ वाटतो आणि ओहोटीचा ओढ दिसत नाही. शिवाय शोधायला आलेल्याला पालथी होडी लांबून दिसते, पाण्यावरचे एकटे डोके दिसत नाही.

आता जाकिटाविषयी जरा सविस्तर, कारण वाद तिथेच होतो. "गरम होते", "फोटो चांगले येत नाहीत", "आम्हाला पोहता येते." जाकीट होडीत नेणे आणि जाकीट अंगात घालणे यांतला फरक १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्यात दिसला. हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. समुद्र नव्हता, वादळ नव्हते, शहरातला तलाव होता. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जाकिटे नव्हती.

जाकीट विकत घेताना आतला शिक्का वाचा. त्यावर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० लिहिलेले जाकीट पोहता येणाऱ्याला आधार देण्यापुरते. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्याबाहेर वळवावे म्हणून बनवलेली जाकिटे १०० किंवा १५० ची. मुलांची जाकिटे वयावर नव्हे, वजनावर घ्यायची, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. तो नसला तर मूल खाली राहते आणि जाकीट डोक्यावरून वर निघते. घरीच परीक्षा करा: घातलेले जाकीट खांद्यांना धरून वर उचला. कानापर्यंत आले तर ते त्या मुलाचे नव्हे. शिट्टी कप्प्यात नको, जाकिटालाच बांधा.

ओबीएमबरोबर एक लाल गुंडाळीची दोरी येते. एक टोक इंजिनाच्या बटणाला, दुसरे चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद. बहुतेक होड्यांत ती दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली मी पाहतो. चालवणारा पडल्यावर होडी गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते, आणि पंखा माणूस ओळखत नाही.

पाणी शिरण्याचे गणित थोडक्यात. पाण्याच्या पातळीखाली फूटभर एक इंचाचे भोक पडले तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येते. दोन मिनिटांत चार-पाच घागरी. म्हणून निमुळती लाकडी खुंटी आणि जुने फडके हाताशी असावे. आधी भोक बुजवायचे, मग उपसायचे. उपसायला पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरपा कापून घ्या, आणि त्याला दोरी बांधा. दोरी नाही बांधली तर आमच्या डब्यासारखा तोही जाईल.

इंजिन बंद पडले की लोक झाकण उघडून त्यातच डोके घालतात, आणि तेवढ्यात होडी वाहत खडकाकडे जाते. पहिल्यांदा नांगर. दोर खोलीच्या निदान पाचपट हवा, म्हणजे चार मीटर पाण्याला वीस मीटर, आणि त्याचे टोक होडीला बांधलेले हवे. पेट्रोल तीन वाटण्यांचे: एक जायला, एक यायला, एक शिल्लक.

फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. समुद्रातून मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. नदीत, तलावात ११२. नुसते "आम्ही मिरामारच्या पुढे आहोत" सांगून भागत नाही. फोनच्या नकाशात अक्षांश-रेखांश कसे बघायचे ते घरी बसून शिका आणि होडीत चालवणाऱ्याखेरीज आणखी एकाला तरी शिकवा. कारण पाण्यात पडणारा नेमका चालवणाराच असू शकतो.

काठावरच्या माणसाची तयारी मात्र कोणी करत नाही. भाच्याच्या घरी आता फ्रिजवर चिठ्ठी लागते: कुठे, कितीजण, परत केव्हा. खाली एक ओळ, "सहापर्यंत फोन आला नाही तर साडेसहाला १५५४." ही ओळ सुनेने स्वतः मागून घेतली. ती म्हणाली, "नाहीतर आम्ही संकोचाने आठपर्यंत वाट बघत बसणार, उगाच गावभर कशाला म्हणून." काळोख पडल्यानंतर शोधणे किती अवघड होते ते तिला कोणी सांगावे लागले नाही.

हवेचेही बघा. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. ६ जण बुडाले, एकजण पोहून काठाला लागला. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारनंतर घाटाकडून काळे ढग येतात, तेव्हा खाडीतून परत फिरायची वेळ दुपारीच ठरवा. आणि नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समुद्राची लाट आत आली की ती उभी राहते आणि फुटते. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूच्या उंचवट्यामुळे पावसाळ्यात आमच्या बार्जसुद्धा जात नसत, कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जायच्या. सोळा फुटी होडीने तिथे धाडस करू नये.

आता आपल्या मंडळाच्या डिसेंबरच्या सहलीविषयी. धरणावर नौकाविहार ठरला आहे आणि ५२ नावे आली आहेत, त्यांत १७ मुले. बोटवाल्याशी माझे बोलणे झाले. जाकिटे आहेत म्हणतो, पण मुलांच्या मापाची किती ते त्याला सांगता आले नाही. पुढच्या शनिवारी मी प्रत्यक्ष जाऊन मोजणार आहे. कमी पडली तर फेऱ्या वाढवू. फेऱ्या वाढवायला तो तयार नसेल तर मुलांचा नौकाविहार रद्द करावा असे मी कार्यकारिणीला लेखी कळवले आहे. पालकांनी नोंदणीच्या अर्जात मुलाच्या वयाशेजारी वजनही लिहावे. ज्यांनी आधीच अर्ज भरला आहे त्यांनी वजन सचिवांना गुरुवारपर्यंत कळवावे.