नदी तीच, पाणी नवे

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्र गोदावरीच्या पाण्यावर चालते. काल तेथून वाहिलेले पाणी आज तेथे नसते. तरी नदीचे नाव कोणी बदलत नाही. इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास एफेसस नगरीतील हेराक्लिटस या ग्रीक तत्त्ववेत्त्याने हाच विचार मांडला असावा. ‘असावा’ म्हणण्याचे कारण असे की त्याचा ग्रंथ नष्ट झाला. उरली ती इतरांच्या ग्रंथांत विखुरलेली सव्वाशेच्या आसपास वचने.

नदीचे वचन मुख्यतः दोन रूपांत प्रसिद्ध आहे. प्लेटोच्या सांगण्यानुसार, एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही. युसेबियस या ख्रिस्ती ग्रंथकाराने जतन केलेल्या अवतरणात मात्र नदी तीच राहते, उतरणाऱ्यांवरून वाहणारे पाणी नवनवे असते. पहिल्या पाठात काहीच टिकत नाही. दुसऱ्यात नदी वाहते म्हणूनच टिकते. अनेक अभ्यासक दुसरा पाठ अधिक विश्वसनीय मानतात. लोकांच्या तोंडी आहे तो पहिला.

सोयीचा अर्थ काढण्याचा मोह समाजवाद्यांनाही सुटलेला नाही. जर्मन कामगारनेता लासाल याने १८५८ साली हेराक्लिटसवर दोन खंड प्रसिद्ध केले. १९१५ साली ते वाचताना, लासाल हेगेलचीच पुनरुक्ती करीत आहे, असे लेनिनने टिपून ठेवले.

आपल्याकडे चार्वाकाचीही तीच गत झाली. लोकायतांची मते मुख्यतः विरोधकांच्या खंडनातूनच कळतात. कर्ज काढून तूप प्यावे, हा उपदेश चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रहा’त येतो. पण त्याच प्रकरणाच्या आरंभी त्या श्लोकात तूप नाही. मृत्यूच्या आवाक्याबाहेर कोणी नाही, एवढेच आहे. नवव्या शतकातील जयंत भट्टही हाच पाठ देतो. तरीही भौतिकवाद्याला चैनी ठरविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तूपच पुढे केले गेले.

म्हणून अवतरण कोणी जपले, कोणत्या वादात जपले आणि त्याचा दुसरा पाठ आहे काय, हे कार्यकर्त्याने भाषणापूर्वी विचारलेच पाहिजे. पाठ बदलला की कृतीची दिशाही बदलते. वीज केंद्रात पाळ्या बदलतात, जुने कामगार निवृत्त होतात, नवे येतात. त्यांना सामावून घेणारी कामगार संघटनाच टिकते. कंत्राटी कामगाराला दाराबाहेर ठेवणारी संघटना जुने नाव मिरवील. परंतु तिची नदी राहणार नाही, डबके होईल.