गाठाळ पाइनचे पेन आणि कातार्‍याचा वाटा

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत परदेशांतून येणारी यंत्रसामग्री पुष्कळदा पाइनच्या खोक्यांतून येते. यंत्र कारखान्यात जाते आणि खोके भंगारवाल्याकडे. मराठवाड्याच्या कोरड्या मातीत पाइन उगवत नाही. येथील माणसाला ते भेटते ते असे, टाकाऊ होऊन. त्यातही खोक्यांसाठी वापरलेले लाकूड वरच्या प्रतीचे नसते. ज्या फळीवर गाठी अधिक, ती सुतार बाजूला सारतो, कारण गाठीवर रंधा अडतो, खिळा वाकतो आणि वाळलेली गाठ कधी ना कधी निसटून भोक पाडते. मग ती फळी जळणात जाते.

पेन कातणार्‍याच्या दृष्टीने मात्र तीच फळी कामाची असते. त्याला लागते जेमतेम पाच इंच लांबीचे आणि पाऊण इंच जाडीचे लाकूड. गाठ म्हणजे झाडाच्या फांदीचे बूड. तेथे रेषा वळसे घेतात, राळ साठते, रंग तांबूस होतो, आणि लाकूड गोल कातल्यावर हे वळसे असे उमटतात की दोन पेने कधी सारखी होत नाहीत. कारखान्याला नको असलेली विषमता येथे मूल्य ठरते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वस्तूच्या एकसारखेपणाचे जे माहात्म्य सांगितले जाते, त्याला हा छोटासा अपवाद आहे.

परंतु या मूल्यामागचे श्रम सोपे नाहीत. लाकडाच्या तुकड्यात लांबीच्या दिशेने सात मिलिमीटरचे छिद्र पाडून पितळी नळी चिकटवावी लागते, दोन्ही टोके नळीशी काटकोनात तासावी लागतात, मग तो तुकडा लेथच्या दांड्यावर चढतो. पाइनचे मऊ आणि कठीण थर एकाआड एक असतात, आणि गाठ या दोहोंहून कठीण. पटाशीची धार किंचित बोथट असली किंवा हात घाईचा असला, की गाठीपाशी पटाशी उडते आणि तासाभराच्या कामाची चिरफाळी होते. म्हणून कुशल कातारी गाठ आणि तिच्या भेगा आधी पातळ गोंदाने मुरवून घेतो, शेवटचे काप केसाइतके पातळ घेतो, आणि जाड पॉलिश पेपरापासून बारीक पेपरापर्यंत क्रम न सोडता घासतो. गाठ गळून पडली असेल तर त्या खळग्यात पितळेचा कीस किंवा रंगीत दगडाची पूड गोंदात कालवून भरतात. हे सर्वांत साधे जडावकाम. त्याहून अवघड प्रकारात तुकडा तिरपा कापून त्यात दुसर्‍या लाकडाची पातळ पट्टी बसवितात, पाव वळसा फिरवून पुन्हा कापतात, असे चार वेळा. कातल्यानंतर त्या पट्ट्या परस्परांत गुंफलेल्या कड्यांसारख्या दिसतात. मापात कागदाच्या जाडीइतकी चूक झाली तरी कडी जुळत नाही.

इतके करून ज्याला ‘हस्तनिर्मित’ म्हणतात त्या पेनात हाताचे काय असते? बाहेरचे लाकूड. क्लिप, टोपण, मधले कडे, रिफील पुढेमागे सरकविणारी यंत्रणा आणि आतली नळी हा सारा धातूचा संच तयार मिळतो आणि तो बव्हंशी तैवान किंवा चीनमध्ये बनलेला असतो. हिशेबासाठी समजा, असे पेन भेटवस्तूंच्या दुकानात 1000 रुपयांना विकले गेले. त्यात दुकानदाराचे 400 आणि संचाचे 300 गेले, तर उरलेल्या 300 रुपयांत गोंद, पॉलिश, वीज, पटाशीची झीज, मोडलेल्या तुकड्यांचा तोटा आणि माणसाची मजुरी बसवायची. आकडे मानीव आहेत, परंतु घडण अशीच आहे. मूल्य दोन टोकांना जाते, संच विकणार्‍याकडे आणि पेन विकणार्‍याकडे; ज्याच्या हाताचे नाव घेऊन माल खपतो तो मध्ये राहतो.

हा प्रश्न नवा नाही. 1934 च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र झाली, आणि जे. सी. कुमारप्पांनी तेथून वस्तूला एकच प्रश्न विचारण्याची सवय लावली: हिचा किती भाग येथे बनला आणि त्याचे दाम कोणाच्या हाती पडले? राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी हातांनी बनविलेले फाउंटन पेन वर्ध्याला पोचले आणि 1935 साली गांधींनी त्याची पसंती पत्राने कळविली. गांधी स्वतः बोरूचे पक्षपाती होते, तरीही त्यांनी पेनाला नाक मुरडले नाही. त्या कसोटीवर आजचे लाकडी पेन अर्धेच उतरते.

खेदाची गोष्ट अशी की उरलेला अर्धा भाग या शहराला अशक्य नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे कालपर्यंतचे औरंगाबाद, दुचाकी आणि मोटारींचे सुटे भाग बनविणार्‍या लहानमोठ्या कारखान्यांनी भरलेले आहे. मिलिमीटरच्या शतांश भागाचे माप रोज सांभाळणारा कामगार येथे आहे. पितळेच्या सळईतून पेनाचे कडे कातणे त्याला कठीण नाही. आणि जडावाचे म्हणाल, तर जस्ताच्या काळ्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसविणारी बिदरी कला बीदरबरोबर याही शहरात नांदली. उत्तर प्रदेशातील मैनपुरीचे कारागीर शिसवीत पितळेची तार बसवितात, त्या कामाला तारकशी म्हणतात. लाकूड, धातू आणि तार या तिन्हींचे हात एका शहरात असताना त्यांची गाठ पडत नाही, हा दोष कारागिरांचा नव्हे.

गारखेड्याचे उदाहरण घ्यावे. तेथील सूतगिरणी चौकाचे नाव गिरणीची आठवण देते. गिरणी बंद पडली, नाव उरले. भोवतालच्या वस्त्यांत आज कंत्राटी कामगारांची घरे आहेत, ज्यांचे काम ऑर्डर आटली की थांबते. पेन कातण्याचा छोटा लेथ अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीवर, घरच्या एकपदरी विजेवर चालतो आणि स्वयंपाकघराच्या ओट्याएवढ्या जागेत मावतो. डॉ. राममनोहर लोहियांनी 1952 साली पचमढीच्या अधिवेशनात ज्या छोट्या यंत्राचा आग्रह धरला, ते यंत्र याहून फार निराळे नसावे.

शासनाची दृष्टी मात्र उलटी आहे. लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवण्याचे धोरण 1967 साली 47 वस्तूंनी सुरू झाले आणि एप्रिल 2015 मध्ये शेवटच्या 20 वस्तूंसह संपले. त्या वीसांत लाकडी फर्निचर होते. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, हत्यारांसाठी 15,000 रुपये आहेत आणि 5 टक्के व्याजाचे कर्ज आहे. सुतार त्यात आहे. पण योजना कारागिराला सुटा धरते, एकेकट्याला कर्ज देते आणि बाजारात सोडते. धातूचा संच विकत घेताना त्यावरचा कर कातारी भरतोच, आणि तो नोंदणीकृत नसल्याने त्याची वजावट त्याला मिळत नाही. मोठ्या विक्रेत्याला मिळते.

एका गोष्टीकडे कार्यकर्त्यांनी उत्साहाच्या भरात दुर्लक्ष करू नये. खोक्याच्या फळीवर कणसाचे चिन्ह आणि अक्षरे असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापविलेले आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, आणि ती फळी घरात कातू नये, चुलीतही घालू नये. लाकडाचा भुसाही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली त्याची गणना कर्ककारक द्रव्यांत केली. मुखपट्टी आणि भुसा ओढणारा पंखा हा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. घर हाच कारखाना झाला की कारखान्याचा धोका मुलांच्या श्वासात जातो, आणि तेथे कारखाना निरीक्षक येत नाही.

म्हणून यंत्र घरोघरी वाटण्यापेक्षा सामायिक कार्यशाळा बरी. कडे आणि क्लिप येथेच बनवून घेण्यातली खरी अडचण संख्येची आहे. कोणताही कारखाना पन्नास कड्यांसाठी यंत्र जुळविणार नाही, पाच हजारांसाठी जुळवील. एकटा कातारी पाच हजारांची मागणी देऊ शकत नाही. सहकारी संस्था देऊ शकते, आणि विद्यापीठ, महाविद्यालये व कामगार संघटना आपल्या समारंभांतील शाली-श्रीफळांऐवजी हे पेन घेऊ लागल्या तर तेवढी पेने खपूही शकतात. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्यानुसार संस्था नोंदविण्यास निरनिराळ्या कुटुंबांतील दहा व्यक्ती पुरतात. सूतगिरणी चौकाच्या भोवती ती दहा कुटुंबे शोधण्याचे काम पक्षाच्या शहर शाखेला एका रविवारात होण्यासारखे आहे.