चीवर आणि चिथावणी

मंडाले हे नाव महाराष्ट्राला परके नाही. १९०८ ते १९१४ या काळात लोकमान्य टिळक तेथील तुरुंगात होते आणि ‘गीतारहस्य’ त्यांनी तेथेच लिहिले. त्याच मंडालेचे नाव एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एका निराळ्याच कारणाने जगभर झाले. तेथील मसोयेन मठातील अशिन विराथू या भिक्षूंचे छायाचित्र जुलै २०१३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापले आणि बौद्ध दहशतवादाचा चेहरा असे त्यांचे वर्णन केले. अहिंसा आणि करुणा यांचा उपदेश करणाऱ्या धर्मातून असा माणूस निघावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. वास्तविक त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते. ज्याच्या नावाने द्वेषाचे प्रवचन करता येणार नाही, असा एकही धर्म पृथ्वीच्या पाठीवर नाही. विचार करावयाचा तो वेगळ्या प्रश्नाचा. अशा प्रवचनाने श्रोत्यांचे नेमके काय होते? ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, अनुभव या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे.

त्या देशात भिक्षूचे स्थान काय असते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बौद्ध कुटुंबातील मुलगा लहानपणी काही दिवस तरी चीवर धारण करून मठात राहतो. खेड्यापाड्यांतील कित्येक पिढ्या मठातच अक्षरओळख शिकल्या. रोज सकाळी भिक्षू भिक्षापात्र घेऊन रस्त्याने निघतात आणि गृहस्थ त्यांना अन्नदान करून पुण्य जोडतात. सरकारे आली आणि गेली, लष्कराने दशकानुदशके सत्ता बळकावली, पण भिक्षूंविषयीचा आदर कायम राहिला. अशा समाजात भिक्षूच्या तोंडचा शब्द हा पुढाऱ्याच्या शब्दासारखा पारखून घेतला जात नाही. तो नम्रपणे, हात जोडून आणि जमिनीवर बसून ऐकला जातो. विराथू यांचे सामर्थ्य त्यांच्या वक्तृत्वात जेवढे होते, त्याहून अधिक या हात जोडून ऐकण्याच्या सवयीत होते.

१९६८ मध्ये जन्मलेल्या विराथूंना २००३ मध्ये मुसलमानांविरुद्ध चिथावणी दिल्याबद्दल पंचवीस वर्षांची शिक्षा झाली होती. जानेवारी २०१२ मध्ये राजकीय कैद्यांना सार्वत्रिक माफी मिळाली, तेव्हा तेही सुटले. देशात मोकळे वारे वाहू लागले होते, वृत्तपत्रांवरील बंधने सैल होत होती, आणि पाठोपाठ स्वस्त मोबाइल फोन व फेसबुक घरोघर पोहोचले. दीर्घकाळ कोंडलेल्या समाजाला मिळालेल्या या स्वातंत्र्याचा पहिला मोठा लाभ ज्यांनी उठवला, त्यांत विराथू होते. त्यांची प्रवचने तबकड्यांवरून खेडोपाडी गेली आणि नंतर फेसबुकवरून लाखोंपर्यंत पोहोचली.

आकड्यांची पेरणी

या प्रचाराची रीत अभ्यासण्याजोगी आहे. बुद्धाचे नऊ, धम्माचे सहा आणि संघाचे नऊ गुण यांवरून ‘९६९’ हा आकडा घेण्यात आला. मुसलमान दुकानदार आपल्या दुकानावर ‘७८६’ हा आकडा लिहीत असत. त्याला हे उत्तर होते. सात, आठ आणि सहा यांची बेरीज एकवीस होते, म्हणून एकविसाव्या शतकात देश ताब्यात घेण्याचा हा संकेत आहे, असेही लोकांना सांगण्यात आले. शाळेतील मुलानेही हसावे असे हे गणित. पण ते प्रवचनात सांगितले गेले आणि त्यामुळे खरे ठरले. ‘९६९’च्या चिठ्ठ्या दुकानांवर आणि वाहनांवर चिकटल्या. बौद्धांनी बौद्धांच्याच दुकानातून खरेदी करावी, एवढीच वरवर मागणी होती. यात हिंसा कोठे आहे, असे विचारता येत होते. पण ज्या दुकानदाराशी वीस वर्षांचा व्यवहार आहे, त्याच्या दारावरून मान फिरवून पुढे जाण्याचा सराव एकदा झाला, की त्याचे दुकान जळताना मान फिरवणे फारसे अवघड राहत नाही.

दुसरे साधन भीतीचे. आपला धर्म नामशेष होणार आहे, हे विराथूंचे पालुपद होते. २०१४ च्या जनगणनेप्रमाणे त्या देशात बौद्धांचे प्रमाण सुमारे ८८ टक्के आणि मुसलमानांचे सुमारे साडेचार टक्क्यांच्या आत भरले. इतक्या मोठ्या बहुसंख्येला इतक्या लहान अल्पसंख्येचे भय वाटावे, हे तर्काने समजत नाही. परंतु भय आकडेवारी मागत नाही. बहुसंख्यकांना आपण वेढले गेलो आहोत असे वाटू लागले, की आपला प्रत्येक हल्ला त्यांना बचाव वाटतो.

तिसरे साधन उपमेचे. आपण कितीही दयाळू असलो तरी पिसाळलेल्या कुत्र्याशेजारी झोपू शकत नाही, अशा आशयाचे उद्गार विराथूंनी मुसलमानांना उद्देशून काढले होते. उपमा देणारा स्वतः काहीच करावयास सांगत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचे काय करावयाचे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. ‘मी कोणाला मारा म्हटले नाही’ हा बचाव म्हणूनच शब्दशः खरा आणि आशयाने खोटा असतो.

मार्च २०१३ मध्ये मेइक्तिला या गावात सोन्याच्या दुकानातील एका भांडणावरून दंगल पेटली. एका भिक्षूची हत्या झाली आणि त्यानंतर मुसलमानांच्या वस्त्या जाळण्यात आल्या. चाळीसहून अधिक माणसे मेली. त्यांत एका इस्लामी शाळेतील विद्यार्थी आणि शिक्षक मोठ्या संख्येने होते. जुलै २०१४ मध्ये मंडालेत बलात्काराची एक बातमी विराथूंनी फेसबुकवरून पसरवली. दंगलीत एक मुसलमान आणि एक बौद्ध असे दोघे प्राणास मुकले. तो आरोप बनावट होता, हे नंतर निष्पन्न झाले. मेलेल्या दोघांना त्याचा उपयोग नव्हता.

राज्यकर्त्यांचा हिशेब

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो क्षुल्लक नाही. रोहिंग्यांचा प्रश्न विराथूंनी निर्माण केला नाही. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना आधीच परके ठरवले होते. राखाइन प्रांतातील २०१२ च्या दंगलींमागे दारिद्र्य होते, जुने वैर होते आणि दोन्ही बाजूंना झालेल्या हत्याही होत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये रोहिंग्यांच्या एका सशस्त्र संघटनेने पोलिस चौक्यांवर हल्ले केले, त्यानंतर लष्कराची मोहीम सुरू झाली आणि सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. गावे जाळली ती लष्कराने, मठाने नव्हे. मग प्रवचनकाराला एवढे महत्त्व कशासाठी द्यावयाचे?

आक्षेपातील तपशील खरे आहेत, पण निष्कर्ष त्यांतून निघत नाही. प्रवचनातून मारेकरी निर्माण होतात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात शस्त्र हाती घेणारे नेहमीच मूठभर असतात आणि ते प्रवचनाविनाही सापडतात. अतिरेकी प्रवचनाचा खरा परिणाम उरलेल्या लक्षावधींवर होतो. ते कोणाला मारीत नाहीत, कोणाचे घर जाळीत नाहीत. शेजाऱ्याचे घर जळते तेव्हा त्यांना काही वाटेनासे होते, एवढेच. २०१७ साली लाखो माणसे चिखल तुडवीत सीमेकडे निघाली असताना देशातून निषेधाचा आवाज जवळजवळ उठला नाही. उलट डिसेंबर २०१९ मध्ये ऑंग सान स्यू ची हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाची बाजू मांडण्यास गेल्या, तेव्हा मायदेशी त्यांच्या समर्थनार्थ मोर्चे निघाले. लष्कराने बंदूक चालवली. ती चालत असताना समाजाने गप्प राहावे, याची तयारी धर्मपीठावरून झाली होती.

ती तयारी केवळ विराथूंसारख्या भडक वक्त्यांनी केली असती, तर सुजाण माणसे सावध राहिली असती. सितागू सयाडो हे विद्वान आणि लोकसेवक म्हणून सर्वत्र वंदनीय असलेले महास्थविर. ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस त्यांनी कारेन प्रांतातील लष्करी तळावर सैनिकांपुढे प्रवचन केले. त्यात त्यांनी ‘महावंसा’तील दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. तमिळ राजा एळारावर विजय मिळवल्यावर झालेल्या संहाराने दुट्ठगामणी व्याकूळ होतो. तेव्हा अर्हत त्याचे सांत्वन करतात, की मेलेल्यांत खरी माणसे दीडच होती. एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशील. ही कथा सिंहलद्वीपातील भिक्षूंनी बुद्धानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिलेल्या इतिहासकाव्यातील आहे; ती बुद्धवचन नव्हे. परंतु बंदूकधारी श्रोत्यांपुढे, त्या महिन्यांत, त्या पीठावरून ती सांगितली गेली, तेव्हा तिचा अर्थ कोणाला कळला नसेल? शांत स्वरात सांगितलेली जुनी कथा आरडाओरड्यापेक्षा अधिक खोल जाते.

राज्यकर्त्यांनी या प्रकाराकडे कसे पाहिले, हेही सांगितले पाहिजे. राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्या कार्यालयाने २०१३ मध्ये विराथूंची बाजू घेतली आणि ‘टाइम’च्या त्या अंकावर बंदी आली. २०१५ मध्ये भिक्षूंच्या आग्रहावरून विवाह, धर्मांतर, लोकसंख्या आणि एकपत्नीत्व यांविषयीचे चार कायदे झाले. मुसलमान विधिज्ञ उ को नी यांची जानेवारी २०१७ मध्ये यांगोन विमानतळाबाहेर हत्या झाली, तेव्हा विराथूंनी आरोपींचे जाहीर आभार मानले. मार्चमध्ये वरिष्ठ संघमंडळाने त्यांना वर्षभर प्रवचनबंदी केली. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने त्यांचे पान काढून टाकले. दोन्ही उपाय घर जळून गेल्यावर आणलेल्या पाण्यासारखे होते. पुढे स्यू ची यांच्यावरील टीकेमुळे राजद्रोहाच्या आरोपाखाली विराथू तुरुंगात गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने स्यू ची यांचेच सरकार उलथले, सप्टेंबरमध्ये विराथूंवरील आरोप काढून घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांना मानाचा किताब दिला. एव्हाना त्याच लष्कराच्या बंदुका बौद्ध तरुणांवर रोखल्या गेल्या होत्या. धर्म वाचविण्यासाठी ज्यांचा हात धरला, त्यांनी धर्मबांधवांनाही सोडले नाही.

उपाय परंपरेतच

मग यावर उपाय काय? कायदा हवाच. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने द्वेषमूलक भाषणांबाबत तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा, असे ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन राज्यांच्या पोलिसांना आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना बजावले. पण न्यायालयाला असे बजावावे लागते, यातच कायद्याची मर्यादा दिसते. ज्याच्या मागे हजारो हात जोडून बसलेले आहेत, त्याला हात लावण्यास सरकार कचरते. म्हणून प्रश्न अखेर त्या जोडलेल्या हातांपाशी येतो.

डॉ. आंबेडकर डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी एक रोखठोक प्रश्न विचारला आहे. भिक्षू निर्माण करण्यात बुद्धाचा हेतू काय होता? एक परिपूर्ण माणूस घडविणे, की समाजाचा सेवक घडविणे? नव्याने धम्म स्वीकारू पाहणाऱ्या महापुरुषाने भिक्षूचे चीवर पाहून प्रश्न गिळून टाकला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. श्रद्धा आणि परीक्षा यांचे वैर नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

सप्टेंबर २००७ मध्ये ब्रह्मदेशातील भिक्षू मेत्तसुत्ताचे पठण करीत रस्त्यावर उतरले होते. त्यांनी भिक्षापात्रे पालथी घालून लष्करशहांची दाने नाकारली. मेइक्तिलाच्या दंगलीत उ विथुद्ध या भिक्षूंनी शेकडो मुसलमानांना आपल्या विहारात आसरा दिला आणि जमावाला दारातच थोपवले. म्हणजे चीवर तेच, शास्त्र तेच. फरक माणसाचा होता. कोणाच्या पात्रात अन्न घालावयाचे, हे ठरविणे मात्र गृहस्थांच्या हाती होते.

विनयपिटकात कौशांबीची एक कथा आहे. तेथील भिक्षू आपसांत इतके भांडू लागले की खुद्द बुद्धांचेही ते ऐकेनात. अखेर बुद्ध ते नगर सोडून गेले. तेव्हा कौशांबीच्या उपासकांनी ठरवले, की या भिक्षूंना वंदन करावयाचे नाही, त्यांना पाहून उठावयाचे नाही आणि भिक्षाही घालावयाची नाही. काही दिवसांतच भिक्षू ताळ्यावर आले, बुद्धांकडे गेले आणि तंटा मिटला. जे काम शास्त्याच्या उपदेशाने झाले नाही, ते सामान्य गृहस्थांच्या नकाराने झाले.

प्रत्येक धर्मातील उपासकांच्या हाती हा अधिकार आहे. प्रवचनकार शेजाऱ्याविषयी विष ओकू लागला, तर मंडपातून उठून जाता येते. वर्गणी नाकारता येते, हाती आलेली तबकडी किंवा संदेश पुढे न पाठवता थांबवता येतो, वर्गातील मुलाने ऐकून आणलेले खोटे गणित फळ्यावर सोडवून दाखवता येते. हे करण्यास पोलिस लागत नाहीत आणि न्यायालयाचा आदेशही लागत नाही. मंडालेच्या प्रवचनांना हजारो माणसे जात होती. त्यांतील बरीच सज्जन होती. त्यांनी कोणाचेही वाईट चिंतले नव्हते. ती फक्त शेवटपर्यंत बसून राहिली.